दुखणं सांगावं की सोसावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

‘भोग भोगूनच संपवायचे असतात’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. आजी म्हणायची, वडील म्हणायचे, आता आपणही म्हणतो. वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. परंतु गेल्या तीन वर्षांत ते इतक्या वेळा माझ्या कानावर आलं की ते कोण म्हणतं आणि कुणाला म्हणतं, यावर त्याचा सगळा अर्थ पालटतो, हे हळूहळू ध्यानात आलं. अंकासाठी काही लिहा असा निरोप आला तेव्हा याच विषयावर लिहायचं ठरवलं. आपल्या मंदिरात येणारे आपण बहुतेक जण साठी-सत्तरी ओलांडलेले. प्रत्येकाचं काही ना काही दुखतंच आहे. ते सांगावं की सोसावं? देवावर भार टाकला म्हणायचं आणि डॉक्टरांच्या पायऱ्याही चढायच्या, हे एकमेकांना धरून आहे का?

विषय कळण्यापुरतं माझं सांगतो. मी बहात्तर वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. नागीण. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या बहात्तर तासांत औषध सुरू झालेलं बरं असतं, ते माझं झालं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गेरू लावा, मंत्र घालणाऱ्याकडे न्या, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस हाती लागत नाही, असं बरंच सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, “काका, ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला येते. एका नसेचा जेवढा मुलूख, तेवढीच तिची हद्द. ती जुळायला जाते कशाला?” लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी मुकाट बसून राहतो आणि म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की डोकं वर काढतो, असं त्यांनी समजावलं. मला कांजिण्या आल्या त्या सात वर्षांचा असताना. म्हणजे साठ-बासष्ट वर्षं हा पाहुणा घरातच होता!

फोड तीन आठवड्यांत वाळले, खपल्या पडल्या. दुखणं मात्र गेलं नाही. तीन महिने उलटले तरी ते तिथंच राहिलं, तेव्हा त्याला वेगळं नाव मिळालं. नागिणीनंतरची नसदुखी. वेळेवर औषध घेऊनही ती राहू शकते, आणि वय जितकं जास्त तितका तिचा धोका जास्त. ही दुखण्याची जात निराळी आहे. सदऱ्याचं सुती कापड लागलं तरी आग होते. पंख्याचा वारा सोसत नाही. कधी आतून तापलेलं उलथणं फिरवल्यासारखं होतं, कधी विजेचा झटका बसल्यासारखी चमक येते. गंमत अशी की त्या जागी आता जखम नाही. डॉक्टरांचा दाखला मला पटला. आग कधीच विझली आहे, पण भोंगा बिघडल्यामुळे वाजतोच आहे. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या इथं फारशा चालत नाहीत त्याचं कारण हेच. त्या गोळ्या सुजेवर, आगीवर काम करतात. बिघडलेल्या तारेवर नाही.

आणि हे दुखणं दिसत नाही. प्लास्टर नाही, काठी नाही, ताप नाही. “चेहरा तर छान टवटवीत दिसतोय” असं म्हणून लोक पाठीवर थाप मारतात. नेमकी डाव्या बाजूला.

आता त्या वाक्याकडे येतो. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा व्याकरणाच्या भाषेत सांगितलेलं वाचकांनी गोड मानून घ्यावं. ‘प्रारब्ध’ हा शब्द प्रथमपुरुषी आहे. ‘माझं प्रारब्ध’ असं मी म्हणतो तेव्हा त्यात एक शांतपणा असतो. जे टळलं नाही ते मी देवाचं नाव घेऊन अंगावर घेतो, कुणाला बोल लावत नाही. हाच शब्द द्वितीयपुरुषी झाला, ‘तुमचं प्रारब्ध’ झाला, की तो निवाडा होतो. समोरच्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो आणि त्याचा गुन्हाही त्याला सांगत नाही, कारण तो मागच्या जन्मीचा! रात्री तीनला जागा असलेला माणूस मग पापं मोजत बसतो. या जन्मातली पुरली नाहीत की मागच्या जन्मातली कल्पनेने रचतो. कर्माची गती गहन आहे असं भगवंतांनीच सांगून ठेवलं आहे. दुसऱ्याच्या खात्याची वही आपण कधी पाहिली?

म्हणणारे वाईट असतात असं मुळीच नाही. बहुतेक वेळा ते असहाय असतात. समोरच्याचं दुखणं आपल्याला काढून घेता येत नाही, बघवत तर नाही, मग काहीतरी बोलून ते झाकावंसं वाटतं. ‘प्रारब्ध’ म्हटलं की संभाषण संपतं, बोलणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. ज्याचं दुखतंय तो होता तिथंच राहतो, आणि पुढच्या खेपेला तो सांगतच नाही.

आपल्या गुरुचरित्राने या प्रश्नाला काय उत्तर दिलं आहे ते पाहावं. तेराव्या अध्यायातली पोटशुळाच्या ब्राह्मणाची कथा आपण दर पारायणात वाचतो. जेवलं की त्याच्या पोटात असह्य कळा येत, म्हणून तो जेवतच नसे. शेवटी जिवाला इतका कंटाळला की गोदावरीत देह टाकायला निघाला. श्रीनृसिंहसरस्वतींनी ते पाहिलं आणि शिष्यांना पाठवून त्याला बोलावून घेतलं. पहिली गोष्ट झाली ती ही. त्याला नदीपासून मागे आणलं. दुसरी गोष्ट, त्याला काय होतंय ते विचारलं आणि सांगू दिलं. आणि तिसरी मला फार मोलाची वाटते. गुरूंच्या ठायी सामर्थ्य होतं, मस्तकावर हात ठेवून तिथल्या तिथे बरं करता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही. त्याच वेळी दर्शनाला आलेल्या कडगंचीच्या सायंदेवांना त्यांनी सांगितलं की याला घरी नेऊन पोटभर जेवायला घाल. सायंदेव घाबरले. जेवून याचा प्राण गेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी, अशी त्यांची भीती. भीती खरीच होती, आजही घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्याला ती असतेच. पण त्यांनी गुरूंच्या शब्दावर पान वाढलं, आणि व्यथा गेली.

यावर कुणी म्हणेल, तो चमत्कार झाला, आमच्यासाठी कुठे आहे चमत्कार? मान्य. मी कथेतल्या फळाबद्दल बोलतच नाहीये, रीतीबद्दल बोलतोय. गुरूंनी त्या माणसाला ‘भोग’ म्हणून नदीकडे परत पाठवलं नाही. औषध ठरवलं, आणि ते एका गृहस्थाच्या स्वयंपाकघरातून, घरच्या माऊलीच्या हातून त्याच्यापर्यंत पोचवलं. उपचार गुरूंचा, पण त्याला हात लागले संसारी माणसांचे.

दुसरी कथा नंदीनामा ब्राह्मणाची. अंगावर कोड, म्हणून तुळजापूरला भवानीपाशी तीन वर्षं बसला. देवीने सांगितलं, चंदला परमेश्वरीकडे जा. तिथे सात महिने काढले. तिनेही सांगितलं, गाणगापूरला जा. एवढी तपश्चर्या केल्यावर देवीने आपल्याला एका माणसाकडे पाठवावं, याचा त्याला राग आला. गाणगापूरला गेल्यावर व्याधी गेली, पण मनात किंतू होता म्हणून मांडीवर थोडासा डाग राहिला, आणि तो जायला त्याला पुढे गुरूंच्या आज्ञेने कवित्व करावं लागलं. ही कथा मी चाळीस वर्षं वाचत आलो. फॅमिली डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरांकडे, नसांच्या डॉक्टरांनी वेदना-उपचाराच्या दवाखान्यात चिठ्ठी दिली, तेव्हा मला ती नव्याने कळली. पहिल्या दाराशी बरं वाटलं नाही म्हणजे ते दार खोटं होतं असं नाही. पुढचं दार त्यानेच दाखवलेलं असतं. देवीलासुद्धा चिठ्ठी देण्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्या जुन्या वैद्यकानेही इथे काही झगडा मानलेला दिसत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, जप, बली, उपास वगैरे. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषधाची योजना. आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरून धरणं. तिन्ही एकाच ओळीत बसवले आहेत. एक घेतलं तर दुसरं सोडावं लागतं असं कुठे नाही. तिथेच उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. रोग्याच्या गुणांत स्मरण, सांगितलेलं ऐकणं आणि न घाबरणं यांच्याबरोबर चौथा गुण आहे ज्ञापकत्व. आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणं! मी हे वाचून क्षणभर थबकलो. न सांगता सोसणं हा गुण त्या यादीत नाही. सांगता येणं आहे. जगभरचे वेदनेचे अभ्यासक एकत्र आलेली एक संघटना आहे, तिने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने केली. वेदना ही ज्याची त्याची अनुभूती असते, आणि माणसाने दुखतंय म्हटलं तर त्याच्या शब्दाचा मान राखावा, अशा आशयाची टीप तिने जोडली. चरकाला हे ऐकून नवल वाटलं नसतं.

तेव्हा सांगायचं कसं, हेही शिकावं लागतं. मिरजेच्या ज्या डॉक्टरांकडे मी जातो ते मूळचे भूलतज्ज्ञ. वेदनेवर उपचार करणारे बरेच डॉक्टर भूलतज्ज्ञच असतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी एक साधी वही घालायला लावली. रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहात वेदना किती, झोप किती झाली, कशाने वाढलं, कशाने उतरलं. ‘फार दुखतं हो’ एवढ्यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. ‘पहाटे तीनला आठ, आंघोळीनंतर सहा, कापड लागलं की झटका’ असं म्हटलं की येतं.

औषधांबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्यात गैरसमज फार. नसदुखीसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही मुळात फिट्सवर वापरायची औषधं देतात, किंवा अमिट्रिप्टिलिन, नॉर्ट्रिप्टिलिन ही मुळात उदासीनतेवरची. चिठ्ठीवरचं नाव मुलगा मोबाईलवर शोधतो आणि घरात गोंधळ, “बाबांना वेडाची गोळी दिली!” तसं नाही. या गोळ्या नसांची वायफळ बडबड कमी करतात, म्हणून देतात. सुरुवात अगदी थोड्या मात्रेने, बहुधा रात्री. गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, उठताना झोक जातो. आपल्या वयात झोक जाऊन खुबा मोडणं हे नव्या दुखण्याला आमंत्रण, म्हणून रात्री उठताना पलंगाच्या कडेला क्षणभर बसून मग उभं राहायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगायचं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. त्वचेवर लावायची लिडोकेनची पट्टी काहींना उपयोगी पडते, मला पडली. आणि ज्यांना अजून नागीण झालेली नाही त्यांच्यासाठी पन्नाशीपुढच्यांना देतात ती लस २०२३ पासून आपल्याकडे मिळू लागली आहे. दोन डोस, महाग आहे. मुलं वाढदिवसाला काय हवं विचारतात तेव्हा शालीऐवजी ही मागावी, असं माझं मत. एकदा जडलेल्या नसदुखीवर मात्र तिचा उपयोग नाही. अर्थात हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. मी मास्तर आहे, वैद्य नव्हे.

तीन वर्षांत माझं दुखणं आठावरून साधारण तीन-चारावर आलं आहे. शून्यावर नाही. येईल असं डॉक्टरांनी कधी म्हटलं नाही, आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. ‘एकवीस दिवसांत गॅरंटी’ म्हणणारे तेलवाले, पट्टेवाले, काढेवाले मला बरेच भेटले. त्यातल्या एकाने तर दत्तमहाराजांचा फोटो लावून दुकान थाटलं होतं.

जपाने काय झालं, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं, हा अंक दत्तभक्तांचा आहे. खरं तेच सांगतो. जपाने दुखणं गेलं नाही. पण पहाटे तीन ते पाच हा जो काळ आहे, ज्यात दुखण्याला कडाच नसतात, त्याला जपाने माप आलं. एक माळ, दोन माळा, अकरा माळा. अकरा झाल्या की दूधवाल्याची सायकल वाजते. नुसतं ‘दुखतंय’ असं दोन तास पडून राहणं आणि अकरा माळांएवढं दुखणं, यांत फरक आहे. आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

मग सोसण्याला काहीच किंमत नाही का? आहे. तितिक्षा हा शब्द आपल्याकडे उगीच आलेला नाही. श्रीवासुदेवानंदसरस्वती टेंबे स्वामी महाराजांना संग्रहणीची व्यथा होती, आणि त्या देहाने ते अनवाणी देशभर चालले. परंतु ते संन्यासी. त्यांचा देह त्यांनी आधीच सोडलेला. गृहस्थाचा देह एकट्याचा नसतो. त्यावर बायकोचा, मुलांचा, नातवंडांचा, दुकानाचा, शेताचा हक्क असतो. आपण सोसलेलं सगळं आपल्यातच राहत नाही, घरातल्यांवर चिडचिड होऊन सांडतं. माझ्या मते तितिक्षा उपचाराच्या जागी येत नाही, उपचार करून जे शिल्लक राहतं तिथून ती सुरू होते. माझं आठ होतं त्यातलं चार डॉक्टरांचं आणि घरच्यांचं काम. उरलेलं चार माझं आणि महाराजांचं. आठच्या आठ देवाच्या नावाने उचलत राहणं याला भक्ती म्हणावं की हट्ट?

नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी चढायला लागलं की पुजारी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी महाराजांच्या इच्छेने चढतं असंच ते मानतात. तरी मूर्ती हलवतात. याला कुणी अश्रद्धा म्हणत नाही, उलट ती सेवा समजली जाते.

आता आधाराविषयी. मागणं आपल्याला फार जड जातं. आयुष्यभर ‘कुणापुढे हात पसरला नाही’ हे आपण अभिमानाने सांगितलेलं असतं. पण आपलं दैवत पाहावं. भिक्षेची झोळी खांद्याला लावलेला देव. माहूरला निद्रा आणि कोल्हापुरात मध्यान्हीची भिक्षा, अशी दिनचर्या आपण गातो. ज्याच्याकडे तिन्ही लोकांची सत्ता तो दारात उभा राहून मागतो. गाणगापूरला दुपारी महाराज कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, या भावनेने आजही लोक माधुकरी घालतात आणि स्वतःही निदान पाच घरी मागतात. लखपती माणूस तिथे झोळी धरून उभा असतो. त्या मागण्यात लाज नाही, उलट अहंकार उतरतो म्हणून ते साधन मानलं आहे. मग म्हातारपणी ‘मला जरा दवाखान्यात घेऊन चल’, ‘आज माझ्याजवळ बस’ एवढं मागताना तोंडात शब्द का अडकतो? पाच घरं मागायची ही रीतही शहाणपणाची आहे. एकाच घरावर सगळा भार नको. आमच्या घरी पहिलं वर्ष सगळं हिच्यावर पडलं. रात्री मी जागा, म्हणून ही जागी. पत्र्याच्या डब्यात माझे सुती सदरे उलटे करून, शिवण बाहेर येईल असे ठेवणं, भाजीत तिखट घालताना माझ्या पोटाचा विचार करणं, पाहुण्यांना दारातच ‘पाठीवर हात मारू नका’ म्हणून सांगणं. तिच्या गुडघ्यांचं मी वर्षभर कुणाला बोललेलं ऐकलं नाही, तिनेही नाही. चरकाच्या चार पायांतला परिचारक हा पाय मोडला की खाट बसते. आता मुलगा महिन्यातून दोन शनिवार येतो, शेजारचा तरुण सोमवारी सोबत येतो, आणि कट्ट्यावरच्या मंडळींनी गुरुवारची आरती झाल्यावर तासभर माझ्याकडे बसायचं वाटून घेतलं आहे. त्यांत एक अण्णा आहेत. ते काही म्हणजे काही बोलत नाहीत. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “मास्तर, नक्की कसं दुखतं ते सांगा, मला घाई नाही.” नंतर चहा घेतला आणि गेले. त्या दिवशी वहीत संध्याकाळचा आकडा एकने कमी आहे.

याच अण्णांची गोष्ट पुढे निघाली. त्यांना वीस वर्षं मधुमेह. रात्री तळपाय जळतात, मुंग्या येतात, दिवसा पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. मधुमेहाने नसा गेल्या की असं होतं. त्यांनी हे घरात सांगितलंच नव्हतं. चैत्रात भर दुपारी अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालायचे. फरशी तापलेली, पायाला कळायचंच नाही. एकदा टाचेला भाजून फोड आला तो त्यांना सुनेने पायपुसण्यावरचा डाग पाहून सांगितला. माझी नस उगाच ओरडते, त्यांची नस गरज असताना गप्प बसते. दोन्ही बिघाडच. पण अण्णांचा जास्त घातक, कारण अशी जखम चिघळून पाय जाण्यापर्यंत वेळ येते. मंदिराच्या विश्वस्तांना मी या निमित्ताने विनंती करतो की उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची पट्टी घालावी, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सुती मोजे घातले तर कुणी भुवया उंचावू नयेत. सप्ताहात भिंतीशी चार खुर्च्या ठेवाव्यात. एका आसनावर बसवत नाही म्हणून दोन वर्षं पारायण सुटलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांनी कुणाला कारण सांगितलेलं नाही. ‘आता होत नाही’ एवढंच म्हणाले.

आणखी एक गोष्ट, जी अशा अंकात सहसा कुणी लिहीत नाही. तो पोटशुळाचा ब्राह्मण नदीकडे निघाला होता. दीर्घ दुखण्यात हा विचार येतो. भक्तालाही येतो. आपल्या घरातलं म्हातारं माणूस ‘आता ने रे बाबा’ म्हणतं, तेव्हा ते नेहमीचं पुटपुटणं असतं की काही वेगळं, हे जवळ बसून विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो अशी भीती घालतात, ती खरी नव्हे. उलट सांगायला जागा मिळाली की माणूस हलका होतो. घरात बोलणं शक्य नसेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. देवघराशेजारी भिंतीवर आपण डॉक्टरांचा, गॅसवाल्याचा नंबर लिहितो, त्याच्या खाली हाही लिहून ठेवावा. गुरूंनी त्या ब्राह्मणाला बोलवायला स्वतः न जाता शिष्यांना पाठवलं होतं. हे काम शिष्यांचं, म्हणजे आपलं आहे.

अण्णांनी पाय अजून कुठल्या डॉक्टरांना दाखवलेले नव्हते. “आता या वयात काय,” असं चाललं होतं. मी माझी जुनी वही त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी पहिलं पान उलटून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “आकडे मी घालतो, पण अक्षर तुमच्यासारखं नाही हो.” येत्या सोमवारी माझी मिरजेची तारीख आहे. दोघांचे कागद एकाच पिशवीत घातले आहेत. सकाळी आठची बस.